लिंबोणीच्या वाटणीचे पाणी

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी बागेला पाणी घालण्याचे काम मी आपणहून माझ्याकडे घेतले आहे. बाग म्हणजे काय, तर अंगणातील दहा-बारा कुंड्या, एक जास्वंद आणि कुंपणाच्या कडेचा कढीलिंब. रबरी नळी हातात धरून मी उभा राहतो. आणि नळीतून पाणी भसाभसा वाहू लागले की माझा हात आपोआप तोटीकडे जातो. पाणी थोडे कमी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारचे गृहस्थ हसतात. म्हणतात, "गुरुजी, नळाला पाणी भरपूर आहे. इतकी काटकसर कशाला?" त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्यांनी १९७३ सालचा उन्हाळा माणदेशात काढलेला नाही.

मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. सहावीची परीक्षा संपली, आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मला व ताईला साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावर गाडीत बसवून दिले. आमचे आजोळ दहिवडीपासून कोसभर अंतरावर, माणगंगेच्या काठी. पुसेगाव मागे पडले की गाडीच्या खिडकीतून आत येणारा वारा बदलत असे. दरवर्षी त्या वाऱ्याला तापलेल्या मातीचा आणि बाभळीच्या फुलांचा वास असे. त्या वर्षी नुसता धुरळा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे खडी फोडीत बसली होती. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, म्हातारे, आणि माझ्याएवढी मुलेसुद्धा. हातोडीचा टक् टक् आवाज गाडीच्या घरघरीतूनही ऐकू येत होता.

माणदेश हा मुळातच पर्जन्यछायेतील प्रदेश. सह्याद्रीवर आदळून ढग आपले पाणी तिकडेच सांडून मोकळे होतात, आणि इकडे येतात ते रिकाम्या हातांनी. अशा मुलखात १९७२ चा पावसाळाही कोरडाच गेला होता. त्याच्या आधीची दोन वर्षेही यथातथाच होती. सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले. त्या वेळी मला आकडे ठाऊक नव्हते. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळते आणि तिची भाकरी थापताना चिरफाळते, एवढेच ठाऊक होते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घराच्या मागे त्यांनी हौसेने परसबाग केली होती. दोन केळी, शेवगा, डाळिंब, मोगऱ्याचे एक भरघोस झुडूप आणि मधोमध आजीने लावलेली लिंबोणी. आम्ही पोहोचलो तेव्हा केळी कधीच वाळून गेल्या होत्या. डाळिंबाच्या काटक्या झाल्या होत्या. आडात डोकावून पाहिले तर तळाशी ओली मातीसुद्धा दिसेना; मी खडा टाकला, तो ठण्ण वाजला. पिण्याच्या पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी येई. बाकी सगळ्या वापराला नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यांचे पाणी.

पहिल्याच संध्याकाळी आबांनी आम्हां दोघांना परसात नेले आणि म्हणाले, "घरातले सांडपाणी एकाच झाडाला पुरेल. कोणते जगवायचे ते तुम्ही ठरवा."

मी लगेच मोगरा म्हणालो. मोगऱ्याच्या वासाशिवाय आजोळचा उन्हाळा मला कल्पनेतही आणवत नव्हता. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "लिंबोणी. मोगरा काय, पुढल्या वर्षी दुसरा लावता येईल. लिंबोणीला फळ धरायला पाच वर्षं लागतात." आम्ही बराच वेळ भांडलो. आबा काही बोलले नाहीत. शेवटी आजी चुलीजवळून ओरडली, "लोणच्याला काय मोगरा घालायचा?" आणि निकाल लागला.

त्यानंतर आमच्या घरी पाण्याचा जो व्यवहार चाले, तो सांगितला तर आज कोणाला खरा वाटणार नाही. आंघोळ लिंबोणीच्या आळ्याशेजारी ठेवलेल्या दगडावर उभे राहून करायची. एकेकाला एकच लहान बादली. साबण लावायचा नाही, कारण तो झाडाला मानवत नाही. अंग हातानेच खसखसा चोळायचे. भाजी धुतलेले पाणी, तांदूळ धुतलेले पाणी, हात धुतलेले पाणी, सगळे एका घंगाळात जमा व्हायचे. ते निवळले की आबा एका गंमतीदार बँकेत भरून ठेवीत. बँक म्हणजे मातीचे एक जुने मडके. लिंबोणीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यांनी ते गळ्यापर्यंत पुरले होते, आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला होता. मला वाटे, मडक्यातले पाणी झाडाला कसे मिळणार? आबा म्हणाले, "मडक्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती त्यातून पाणी ओढून घेते. माती ओली असेल तर पाणी आतच थांबते. झाड मागेल तेव्हा आणि मागेल तेवढेच." वरून ओतलेले पाणी निम्मे ऊन पिऊन टाकते; पुरलेल्या मडक्यातले पाणी उन्हाला सापडत नाही.

आणखी एक काम माझ्याकडे होते. दर चार दिवसांनी आळ्यातील माती खुरप्याने हलकी भुसभुशीत करायची आणि तिच्यावर वाळका पाला पसरायचा. मी कंटाळा करू लागलो की आबा शेतकऱ्यांची म्हण ऐकवीत: एक कोळपणी, अर्धे पाणी. माती घट्ट बसली की तिच्यात बारीक बारीक वाटा तयार होतात, आणि खालची ओल त्या वाटांनी वर येऊन उडून जाते. खुरप्याने त्या वाटा मोडल्या की ओल खालीच कोंडून राहते. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, विज्ञानाचा नव्हे. परंतु विज्ञानाचे हे दोन धडे मला आजही तोंडपाठ आहेत.

मोगऱ्याला मात्र काही मिळाले नाही. मी कधीकधी चूळ भरण्याच्या निमित्ताने तिकडे जाई आणि तांब्यातले दोन घोट त्याच्या मुळाशी टाकी. आजीने ते पाहिले होते असे आता वाटते, पण ती बोलली नाही.

आता सायकलीविषयी सांगतो, कारण त्या उन्हाळ्यातील माझा खरा जीव तिच्यात होता. गावात चावडीसमोर एक सायकलींचे दुकान होते. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. भाडे तासाला पंचवीस पैसे. लोक अजून त्याला चार आणेच म्हणत. चार सायकली होत्या, त्यांतल्या दोन्हींना मडगार्ड नव्हते आणि एकीला घंटी. सगळ्या मोठ्या माणसांच्या. लहान मुलाने सीटवर बसायचे म्हणजे पाय अधांतरी! म्हणून नळीखालून उजवा पाय पलीकडे घालून, अंग धनुष्यासारखे वाकवून, आधी अर्धे पायडल मारायचे. ते जमले की पुरे पायडल. गुडघे फुटत, कोपर सोलटून निघे, अण्णा जखमेवर चिमूटभर हळद दाबीत आणि भाड्यातील एक पैसाही कमी करीत नसत. पंधरा दिवसांत मी नळीवरून पाय टाकण्याइतका तयार झालो. पायडल खाली गेले की माझा अंगठा तेवढा त्याला लागे. उरलेले वर्तुळ ते आपल्या मर्जीने पुरे करी. परंतु गावाबाहेरच्या उतारावर दोन्ही पाय सोडून दिले, की अंगावरून वारा असा वाहू लागे, की दुष्काळ, शाळा, गणिताचे गुण, सगळे मागे उडून जाई. पुढच्या आयुष्यात मी रेल्वेने पुष्कळ हिंडलो, एकदा विमानातही बसलो. त्या उताराची सर कशालाच आली नाही.

पैसे कोठून येत? त्यातही आबांचीच युक्ती होती. झिऱ्यावरून पाणी आणायला त्यांनी रोज संध्याकाळी एक तास सायकल भाड्याने घेण्याचे ठरवले. ताई आधीच नदीवर जाऊन नंबर धरी, करवंटीने पाणी उपसून पत्र्याचे दोन डबे भरून ठेवी. मग मी सायकल घेऊन जाई. कॅरिअरवर आडवा दांडा बांधून त्याच्या दोन्ही टोकांना डबे लटकवायचे आणि सायकल हातात धरून चालत घरी आणायची. त्यानंतर तासातला जो वेळ उरेल, तो माझा. आबांची अट एकच: "डबे भरलेले असताना सायकलवर बसायचे नाही."

संध्याकाळनंतर करमणूक. मुंबईला १९७२ च्या ऑक्टोबरात दूरदर्शन सुरू झाले होते म्हणे, पण माणदेशात त्याची वार्ताही नव्हती. टपाल कचेरीत काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे रेडिओ होता. त्या काळी रेडिओला परवाना लागे. बुधवारी रात्री आठ वाजता त्यांच्या ओट्यावर निम्मा गाव जमे, आणि सिलोन केंद्रावरून बिनाका गीतमाला लागली की अमीन सायानी यांचा आवाज खरखरीतून डोके वर काढी. ताईजवळ 'किशोर' मासिकाचे अंक होते. ते १९७१ साली निघाले, म्हणजे तेव्हा अगदी नवे. त्यांतल्या गोष्टी ती वाचून दाखवी, आणि वाचता वाचता आपल्या पदरचे घालून त्या लांबवी.

मे महिन्याच्या मध्यावर दहिवडीला तंबूतला सिनेमा आला. दुपारी कर्णा लावलेली बैलगाडी गावातून फिरली. गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत चित्रे होती, आणि त्यांत चार हत्ती होते! 'हाथी मेरे साथी' हा चित्रपट १९७१ सालचा. साताऱ्यात तो येऊन गेला तेव्हा मी तापाने आजारी होतो. जमिनीवरच्या बैठकीचे तिकीट बारा आणे. शनिवारी रात्री जायचे, असे आबांनी कबूल केले, आणि मी दिवस मोजू लागलो.

तो शनिवार. संध्याकाळी मी सायकल घेऊन नदीवर गेलो, तो झिऱ्यावर रोजच्यापेक्षा जास्त गर्दी. ताईचा नंबर उशिरा लागला. डबे भरेपर्यंत सूर्य टेकडीमागे गेला. ताई पायवाटेने पुढे निघून गेली. मी सायकल धरून गाडीवाटेला लागलो. मनात एकच विचार, खेळ सुरू होईल. उताराशी आल्यावर मी इकडे तिकडे पाहिले. कोणी नव्हते. मी नळीवरून पाय टाकला.

दोन भरलेल्या डब्यांचे ओझे मागे असताना उतारावर सायकल कशी धावते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. ब्रेक दाबले, ते नुसते किंचाळले. वळणावर एक बाई समोरून येत होती. खडी केंद्रावरचे काम सुटल्यावर ती वरच्या अंगाच्या झिऱ्यावर गेली असावी. डोक्यावर तांब्याचा हंडा, कमरेवर मातीची घागर. ती बाजूला झाली. मीही त्याच बाजूला वळलो. सायकलीचे हँडल घागरीला लागले.

घागर फुटल्याचा आवाज फार मोठा होत नाही. मी धुळीत पडलो होतो आणि माझ्यासमोर खापऱ्या पडल्या होत्या. पाणी वाहिलेसुद्धा नाही. जमिनीने ते होते तिथेच पिऊन टाकले. बोटभर ओला डाग राहिला आणि माझ्या देखत तोही फिका होऊ लागला. माझा एक डबा उलटला होता, दुसऱ्यात निम्मे पाणी होते.

त्या बाईने हंडा सावरून धरला होता. ती मला मारील, असे वाटून मी डोळे मिटले. ती म्हणाली, "लागलं का रं पोरा?"

मी मानेनेच नाही म्हटले. तिने हंडा खाली ठेवला, माझी सायकल उभी करून दिली, खापऱ्या पायाने वाटेच्या कडेला सारल्या. मग क्षणभर तशीच उभी राहिली आणि आली त्या वाटेकडे पाहू लागली. मी तिला माझा निम्मा डबा देऊ शकलो असतो. तसे तेव्हा माझ्या मनात आले की नाही, हे मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. बहुधा आले होते. परंतु मी सायकल ढकलीत घरी गेलो आणि आबांना सांगितले, "चेन पडली, म्हणून पाणी सांडलं."

आबांनी चेनकडे पाहिले, माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हातपाय धू. निघायचे आहे."

मी पश्चात्तापाने सिनेमाभर रडत बसलो, असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण ते खोटे होईल. तंबूत शिरलो आणि मी सगळे विसरलो. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये कापडी पडदा. खाली वाळू. मागे इंजिनाची धडधड. एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत शिट्ट्या आणि शेंगदाण्याच्या टरफलांचा वर्षाव. काही मुले पैसे नसल्याने तंबूच्या फटीतून पाहत होती. एकजण तर पडद्याच्या मागच्या अंगाने पाहत होता, त्याला सगळे हत्ती उलट्या बाजूने चालताना दिसत असतील. रामू हत्ती धन्यासाठी गोळी झेलून मरतो, तेव्हा तंबूतल्या बायांचे हुंदके पडद्यापलीकडून ऐकू आले. मीही रडलो. हत्तीसाठी रडलो.

परत येताना वैशाखातले चांदणे लख्ख पडले होते. आबा, ताई आणि मी नदीच्या पात्रातून चालत होतो. अर्धी रात्र उलटून गेली असावी. वाळूत एक कंदील दिसला. जवळ गेलो, तो झिऱ्याभोवती सात-आठ बाया बसलेल्या. दिवसा उपसून उपसून झिरा रिता होई. रात्री त्यात पाणी हळूहळू जमे, आणि त्याची वाट पाहत त्या बसत. एकजण करवंटीने उपसत होती, बाकीच्या वाळूवर पाय पसरून पेंगत होत्या. आपण झोपतो तेव्हा कोणीतरी असे जागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"आगं बया," त्यांतली एक म्हणाली, "ह्यो बग, माझी घागर फोडणारा सायकलवाला!"

ती हसत होती. तिच्याजवळ संध्याकाळचाच तांब्याचा हंडा होता, आणि घागरीच्या जागी तेलाचा एक गंजलेला डबा. आबा थांबले. चांदण्यात त्यांनी माझ्याकडे पाहिले. एवढेच म्हणाले, "चेन पडली होती, नाही का?"

नंतरच्या आयुष्यात, वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलाला रागवण्याची वेळ आली की मला हे वाक्य आठवे, आणि माझी छडी बहुतेक वेळा टेबलावरच राही.

मी मान खाली घातली. काय बोलावे सुचेना. तीच बाई म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, ल्हान हाय. काय रं, शिनिमा कसला हुता?" "हत्तींचा," मी कसाबसा म्हणालो. "हत्तीचा? मग सांग की आमास्नी. पानी साठस्तवर येळ कसा जायाचा?"

आबा वाळूत बसले. ताईही बसली. मी आधी चाचरत, मग उभा राहून, मग सोंड हालवून दाखवीत सगळी गोष्ट सांगितली. ताई मधूनच चुकलेले दुरुस्त करी. बाया हसल्या, पेंगणाऱ्या जाग्या झाल्या. रामू मेला तेव्हा करवंटी चालवणारी बाई थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली, तशी दुसरी म्हणाली, "उपस गं, पानी आलंय."

मंगळवारी आबा मला घेऊन बाजारात गेले. घागर त्यांनी घेतली नाही. मला घ्यायला लावली. माझ्याजवळ खाऊचा एक रुपया होता, त्याला आणि आणखी पंधरा दिवसांच्या माझ्या सायकलफेरीला मी मुकलो. त्या दिवसांत पाणी आणले, की सायकल थेट अण्णांच्या दुकानात. घागर घेऊन मी खडी केंद्रावर गेलो. त्या बाईने हातोडी खाली ठेवली, घागर कानाशी धरून बोटाच्या पेराने तीनदा वाजवली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "कुंभारानं फसवलं न्हाई तुला," ती म्हणाली आणि पुन्हा खडी फोडू लागली.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा आम्ही आबांबरोबर रात्री झिऱ्यावर जात असू. हत्तीची गोष्ट तीनदा झाली. 'किशोर'मधल्या सगळ्या संपल्या. मग ताई रचून सांगू लागली, आणि मला वाटते, तिच्या त्याच गोष्टी सर्वांत चांगल्या होत्या.

जूनमध्ये आम्ही साताऱ्याला परतलो. दसऱ्याच्या सुमारास आबांचे कार्ड आले. भाद्रपदात पाऊस चांगला झाला, माणगंगेला पाणी आले, झिरे बुजून गेले, असे त्यांनी लिहिले होते. लिंबोणीला फुले आली होती. मोगऱ्याच्या वाळक्या खोडाजवळ जमिनीतून दोन हिरवे कोंब वर आले होते. त्यांचे श्रेय कोणाच्या चुळांना द्यावे, हे आजीला ठाऊक असल्याचे ती म्हणते, असेही एक वाक्य होते. आणि कार्डाच्या अगदी कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडव्या बारीक अक्षरांत लिहिले होते: तुझ्या घागरवाल्या मावशी काल भेटल्या. सायकलवाला दिवाळीला येणार का, विचारीत होत्या. त्यांच्या धाकट्याला हत्तीची गोष्ट ऐकायची आहे.